येऊन राहिलो

पौषातली थंडी अकोल्यात नावालाच येते. सकाळी थोडा वेळ अंगणात असते, ऊन चढलं की निघून जाते. मला तेवढीही पुरते. गच्चीवरचे कपडे वाळायला उशीर लागायला लागला, भाजीबाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसायला लागले, कापसाने पोट फुगलेल्या गाड्या रस्त्याच्या मधोमध रेंगाळायला लागल्या, की माझा पाय घरात ठरत नाही. शाळेत मी गणित शिकवते. या दिवसांत फळ्यावर उदाहरण मांडता मांडता मध्येच थांबते आणि मुलांना वाटतं, बाईंना उत्तर येत नाही. घरी आले की स्वयंपाकघरातून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा स्वयंपाकघरात. आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर करून विचारतात, "काय झालं?" काहीच झालेलं नसतं. बहिरम भरलेलं असतं.

अमरावती जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, जिथे सातपुडा एकदम समोर येऊन उभा राहतो, तिथे बहिरमबाबाचं ठाणं आहे. टेकडीवर शेंदराने आणि लोण्याने माखलेली भलीमोठी मूर्ती, खाली मैदानभर यात्रा. ही यात्रा एका दिवसात आटोपत नाही. महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, लोक येतच असतात. ज्याला जेव्हा सवड होते, तेव्हा तो बिऱ्हाड बांधून निघतो. आमचं गाव चांदूर बाजारच्या अलीकडे. लहानपणी यात्रा सुरू झाल्याचं आम्हाला कॅलेंडर सांगायचं नाही, रस्त्यावरच्या दमण्यांचे घुंगरू सांगायचे. दमणी म्हणजे आमच्याकडची हलकी, पळणारी बैलगाडी. दमणीत गोधडी पांघरून बसायचं, तोंडावर गार धूळ घ्यायची, संत्र्याची सालं दाबून एकमेकांच्या डोळ्यांत रस उडवायचा आणि मायचा धपाटा खायचा. पुढे दमणी गेली, ट्रॅक्टरची ट्रॉली आली. धूळ तीच आहे, आणि धपाटा आता माझी मुलगी माझ्याकडून खाते.

बहिरमला लोक देवाला जातात की जेवायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जिकडे पाहावं तिकडे चुली. कुठे मटणाच्या हंड्या रटरटतात, कुठे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात. आमचं घर रोडग्यांचं. गव्हाच्या जाडसर पिठाचे एकात एक भरलेले गोळे, निखाऱ्यात पुरून लाल होईपर्यंत भाजायचे, राख झटकायची, हाताने मोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे नुसतं लिहितानाही मी एकदा उठून पाणी पिऊन आले.

रोडगे नवसाचे असले तर आमच्या घरी एक रीत आहे. नवस ज्याच्यासाठी बोलला, त्याने पहिला रोडगा मोडायचा. लेकरासाठी बोलला असेल तर त्याच्या आईने मोडायचा. तो मोडला जात नाही तोवर पंगत बसत नाही, मग पाहुणा कितीही मोठा असो, उपाशी बसतो. ही रीत कुणी घातली माहीत नाही. पण तिच्यामुळे एका वर्षी आमचं सगळं घर निखाऱ्याभोवती ताटकळलं होतं. थंडी पडली की मला जी चुटपुट लागते ती त्या वर्षाची आहे.

शालू आमच्यात धाकटी. दादा सगळ्यांत मोठा, मग मी, मग बऱ्याच वर्षांनी ती. त्यामुळे ती बाबांच्या खांद्यावर वाढली. बाबा संत्र्याच्या बागेत जायचे तेव्हा ती खांद्यावर, बाजारात जायचे तेव्हा सायकलच्या दांडीवर. पुढे अकोल्याला माझ्याकडे राहून शिकली आणि तिने बार्शीटाकळीच्या प्रशांतशी लग्न केलं. प्रशांत शाळेत शिक्षक, वागायला सरळ, बोलायला त्याहून सरळ. त्याचं घर बौद्ध, आमचं कुणब्याचं. बाबांनी आरडाओरडा केला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. त्यांनी तिचं नाव घेणं बंद केलं, एवढंच.

एवढंच म्हणते खरी, पण ते एवढंच नव्हतं. गावातल्या बौद्ध वस्तीतले बाबांचे दोन दोस्त रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर असायचे. त्यांना पाहिलं की बाबा लांबूनच "जय भीम" घालायचे, एका कपातला चहा बशीत ओतून वाटून प्यायचे, शेतीच्या, निवडणुकीच्या, गुडघ्यांच्या गप्पा व्हायच्या. ओट्यावर जे चालत होतं ते उंबऱ्याच्या आत चालत नव्हतं. बरं, दोस्तांनाही ते कळत होतं. ते चहा प्यायचे आणि शालूचा विषय काढायचे नाहीत. मला या सगळ्याचा राग आला. आजही येतो आणि तो मी लपवत नाही. पण राग आला म्हणून बाप दुसरा आणता येत नाही.

शालूचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं. अकोल्याच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. माय गावाहून एकटी आली, बाबा आले नाहीत. काचेपलीकडे ते एवढंसं लेकरू, नाकात नळी. माय पदर तोंडाशी धरून उभी राहिली आणि तिथेच, दवाखान्याच्या औषधी वासात, बहिरमबाबाला रोडगे बोलली.

शालू खाटेवरून म्हणाली, "माय, नवस नको बोलू वो. डॉक्टर पाहून राहिले न."

"डॉक्टर पाहोत. मी बी पाहून राहिली," माय म्हणाली.

त्या दिवसांत बाबांचा मला रोज फोन यायचा. "तुही माय जेवली का?" जेवली म्हटलं की गप्प. मग, "आनखी?" मी सांगायचे, लेकराचं वजन वाढलं. ते म्हणायचे, "म्या इचारलं का तुले?" आणि फोन मात्र ठेवायचे नाहीत. मी नळी काढल्याचं सांगायचे, दूध पचल्याचं सांगायचे, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मी दमून फोन ठेवला की दुसऱ्या दिवशी पुन्हा, "तुही माय जेवली का?"

लेकरू घरी आलं, बाळसं धरलं, रांगायला लागलं, आणि पौष आला. मायने नवसाचं काढलं. तिची अट साधी होती, घरातलं प्रत्येक माणूस पंगतीत पाहिजे. प्रशांतने मला फोन करून आधीच सांगितलं, "ताई, मी देवाले हात जोडनार नाई. मायचं मन मोडाचं नाई मले, पन मनात नाई ते मी करत नाई. जत्रेले येतो. जेवाले बसवलं तर पोटभर जेवतो." मी ते मायला सांगितलं. ती म्हणाली, "हात जोडले का नाई, ते बहिरमबाबा पाहीन. मी पंगत पाहीन."

बाबांना विचारलं, तर ते बैलाच्या गोठ्याकडे तोंड करून म्हणाले, "नवस तुहा. फेड तू. मी ट्रॅक्टर चालवीन, गोवऱ्या लावीन. बाकी मले कोनासंग बोला म्हनू नका."

तर अशी आमची ट्रॉली निघाली. पुण्याहून दादा आणि वहिनी आले होते. वहिनी पक्की सदाशिव पेठेतली. तिला आमच्या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमची बोली तिला अजूनही कुणीतरी भांडतंय अशीच वाटायची. कुणी साधं "काहून?", म्हणजे "का?", असं विचारलं की ती बिचारी खुलासा द्यायला लागायची. तरी हौस दांडगी. ट्रॉलीत गोवऱ्यांच्या पोत्यावर बसून ती सगळ्यांचे फोटो काढत होती. बाबा पुढे स्टिअरिंगवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, मागे एकदाही न पाहता चालले होते. मायच्या मांडीवर तुपाचा डबा होता.

यात्रेत जागा धरली, ताडपत्री टाकली. बाबांनी गोवऱ्या रचल्या. या कामात ते कुणाला हात लावू देत नाहीत. गोवऱ्या उभ्या लावायच्या, मध्ये हवा खेळायला वाट ठेवायची, सगळ्या जळून लाल झाल्या की काठीने सारख्या करायच्या. मी, माय आणि आत्याच्या घरच्या बायका पीठ मळायला बसलो. शेजारच्या चुलीवरून हंडीचा वास यायचा. पलीकडे पाळणे फिरायचे. मौतका कुआँवाला मोटारसायकल नुसतीच गुरगुरवत लोकांना बोलवायचा आणि भोंग्यावरून हरवलेल्या पोरांची नावं सांगितली जायची. लाल शर्ट, काळी चड्डी, आईचं नाव सांगून राहिला, गावाचं नाव सांगून नाई राहिला. माय प्रत्येक नावाला कान द्यायची, जणू तिचीच हरवली होती.

पहिली खेप भाजून निघाली. रोडगे टोपल्यात, वर ओलं फडकं. वांगी शिजली, वरण झालं. शालूचा पत्ता नाही. बार्शीटाकळीहून अकोला, अकोट, अंजनगाव, परतवाडा, तिथून बहिरम. लेकरू काखेत घेऊन एवढ्या गाड्या बदलायच्या म्हणजे उशीर होणारच, हे मी पाहुण्यांना सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा आत्याच म्हणाली, "समजलं वो. पन पोटाले कोन सांगीन?" फोन लागत नव्हता. एवढ्या गर्दीत कुणाचाच लागत नव्हता. निखाऱ्यावर राखेचा थर चढायला लागला, बाबा काठीने तो हलवायचे आणि पुन्हा बसायचे. माय दर दोन मिनिटांनी फडकं उचलून रोडगे चाचपायची. गार रोडगा दगड होतो. मला वाटलं ते येणार नाहीत, आणि आले नाहीत तर ही पंगत न जेवता उठेल, आणि मग पुढे कधीच बसणार नाही. 

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे हात कोपरापर्यंत दुसऱ्या खेपेच्या पिठात. वहिनीने तो उचलला, एका कानात बोट घातलं, दोनदा "हॅलो, हॅलो" केलं, काहीतरी ऐकलं आणि फोन तुटला.

"प्रशांत होते," ती खुशीत म्हणाली. "आलेत ते. इथेच राहिलेत कुठेतरी."

मायचा हात थांबला. "आले? मंग इथं काहून नाई आले?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगी यात्रेत येऊन कुठेतरी उभी आहे आणि बापाने बोलावल्याशिवाय ती या ताडपत्रीवर पाय ठेवणार नाही. दादा उठायला लागला तर मायने त्याला हाताने खाली बसवलं. "तू बस. तू गेल्यानं काय होते?" मग बाबांच्या पाठीकडे पाहून म्हणाली, "बलावल्याबगर नाई येनार ते. तुमचीच हाय."

बाबांनी काठीने एक रोडगा उलटला. मला तिथे थांबवेना. मी रिकामी कळशी उचलली आणि टँकरकडे गेले. रांग होती. पुढच्या बाईशी उगीच भांडले, परत भांडण मिटवलं, कळशी भरून आले तर निखाऱ्यापाशी काठी पडलेली आणि बाबा नाहीत.

"कुठे गेले?"

"कुठे ते सांगितलं नाही. उठले आणि गेले," वहिनी म्हणाली.

मायने फडकं नीट केलं. तिच्या तोंडावर हसू होतं की रडू, मला कळलं नाही. बराच वेळ गेला. इतका, की आता बाबाच हरवले की काय असं वाटायला लागलं. शेवटी मायने मला पाठवलं.

मी यात्रा तुडवत निघाले. बांगड्यांची दुकानं, शिंगाडे, रेवड्या, घोंगड्या, पत्र्याच्या पेट्या, पुन्हा बांगड्या. पाळण्याखाली पाहिलं, देवळाच्या पायऱ्यांपाशी पाहिलं. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला म्हातारा दिसला की पुढे धावायचं, तर तो दुसऱ्याच कुणाचा बाप. अशा वेळी गर्दीचा फार राग येतो, जशी काही ती आपल्याला अडवायलाच जमली आहे. शेवटी रस्त्याला लागले, जिथे एस.टी. थांबते तिथे. तर बाबा तिथे, संत्र्याच्या एका ढिगापाशी.

"बाबा, इथं काय करून राहिले?"

"संत्री पाहून राहिलो."

घरी बागेत झाडं फळांनी वाकलेली, आणि हा माणूस यात्रेत संत्री पाहून राहिला. मी म्हटलं, "शालू भेटली का?" त्यांनी एक संत्रं उचललं, वास घेतला, परत ठेवलं. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. मला वाटलं, बिचाऱ्यांनी सगळी यात्रा पालथी घातली, पोर सापडली नाही आणि आता हात हलवत परत जायची लाज वाटतेय. मला त्यांचा राग यायचा राहून गेला.

तेवढ्यात परतवाड्याची गाडी आली. लोक उतरले, आणि त्यांच्यात शालू. काखेत लेकरू, मागे प्रशांत, त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या. शालूने पायरीवरूनच बाबांना पाहिलं आणि तिथेच थिजली. मागचे लोक ओरडायला लागले. कंडक्टर म्हणाला, "उतरा न बाई, लोकं खोळंबून राहिले."

बाबा पुढे गेले. लेकराकडे त्यांनी पाहिलं, पण हात पुढे केला तो प्रशांतच्या हातातल्या पिशवीकडे.

"इतका उशीर?"

"गाडी पंचर झाली, अंजनगावले," शालू म्हणाली. 

"लेकराले टोपी काहून नाई? भल्ली थंडी हाय इकडं." मग त्यांनी प्रशांतकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे, मला फार वाटला. आणि म्हणाले, "जय भीम."

ओट्यावर रोज संध्याकाळी म्हणायचे तसंच म्हणाले, ना कमी ना जास्त. प्रशांतही "जय भीम" म्हणाला. त्याने पिशवी सोडली, ती बाबांनी खांद्याला लावली आणि डोक्यावरचा दुपट्टा सोडून लेकराच्या डोक्याला गुंडाळला. पूर्ण रस्ताभर ते पुढे आणि आम्ही मागे. शालू मला चिकटून चालत होती. सारखी एकच गोष्ट म्हणत होती, "ताई, बाबा घ्याले आले मले. सामोरे आले."

शालूने रोडगा मोडला. वाफ कधीच गेली होती, तो दगडासारखा झाला होता; मोडताना तिची बोटं भाजल्यासारखी लाल झाली. पंगत बसली. प्रशांत म्हणाला होता तसा पोटभर जेवला. जेवण झाल्यावर सगळे टेकडी चढून देवाला गेले, तो गेला नाही. बाबाही गेले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. आम्ही परत आलो तेव्हा दोघं विझत्या गोवऱ्यांपाशी बसले होते आणि लेकरू मध्ये झोपलं होतं. काय बोलले, बोलले की नाही, कुणी विचारलं नाही.

वहिनीचा घोळ परतीच्या ट्रॉलीत उघडा पडला. ती शालूला म्हणाली, "तुम्ही एवढ्या आधी आला होतात, मग थांबलात कुठे?" शालू म्हणाली, "आमी कुठं आधी आलो? फोन केला तवा तर अंजनगावच्या अलीकडं पंचर काढून राहिलो होतो. प्रशांतनं सांगतलं न तुमाले, आमी येऊन राहिलो म्हणून." दादा हसायला लागला, आणि मग अख्खी ट्रॉली हसली. येऊन राहिलो म्हणजे येत आहोत. वहिनीने ते ऐकलं, येऊन राहिलो आहोत. आल्यावर माणूस राहतोच कुठेतरी, तिचं काय चुकलं?

मला त्या एका क्रियापदाने तेव्हापासून स्वस्थ बसू दिलेलं नाही. पुण्याच्या मराठीत राहणं म्हणजे थांबणं, मुक्काम करणं, मागे उरणं. आमच्याकडे राहणं म्हणजे चालू असणं. आम्ही खाऊन राहिलो, झोपून राहिलो, मरून राहिलो, आणि यातलं काहीच संपलेलं नसतं. जाऊन राहिलेला माणूस आमच्याकडे कुठेही पोचलेला नसतो, तो वाटेत असतो. तिकडच्या माणसाला यात मुक्काम ऐकू येतो, आम्हाला चाल ऐकू येते. कधीकधी वाटतं, ही माझी पौषातली येरझार आमच्या बोलीतच आहे.

पण चुटपुट त्याची नव्हती. ती शालूची होती. शालू दर वर्षी, कुठेही, कुणालाही सांगते, माझे बाबा मला घ्यायला एस.टी.पर्यंत आले होते. लग्नानंतरची ती कोरडी वर्षं तिने त्या एका वाक्याने पुसून टाकली. आणि मला वाटायचं, ते खरं नाही. बाबा तिला सामोरे गेले नव्हते. वहिनीच्या चुकीमुळे त्यांना वाटलं की ती आलीच आहे, मायने सगळ्यांसमोर टोचलं, म्हणून उठावं लागलं. यात्राभर शोधलं, सापडली नाही, रस्त्याला लागले, आणि योगायोगाने गाडी आली. चूक झाली नसती तर ते निखारा हलवत बसले असते, शालू आपली आपण आली असती, आणि त्यांनी मान वर केली असती की नाही, कोण सांगणार? गणित शिकवणाऱ्या बाईला अशा वेळी उत्तर बरोबर असून भागत नाही, रीत चुकली की तिला झोप लागत नाही. शालूला मी हे कधी बोलले नाही. पण ती सांगायला लागली की मी उठून पाणी आणायला जायचे.

या वर्षी पुन्हा थंडी आली, पुन्हा बहिरम भरलं. शालूचा मुलगा आता शाळेत जातो आणि आजोबांना फोनवर पाढे म्हणून दाखवतो. पुण्याहून वहिनीचा फोन आला, "वंदू, आम्ही शनिवारी येऊन राहिलो." आताशा ती मुद्दाम असं बोलते. मी नेहमीसारखं चिडवलं, "कुठे राहिलात ते सांगा, बाबांना पाठवते शोधायला."

ती हसली आणि म्हणाली, "किती वर्षं चिडवणार आहात? तुम्हा सगळ्यांना मी चुकीचं सांगितलं असेल. बाबांना तर शब्द न शब्द सांगितला होता."

"कधी?"

"तू पाणी आणायला गेलीस ना, आणि आई वांग्याच्या भाजीकडे वळल्या, तेव्हा बाबा माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, त्यानं काय म्हटलं ते तसंच्या तसं सांग. मी सांगितलं, 'आमी येऊन राहिलो' म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि गेले."

मी फोन ठेवला. त्या शनिवारपर्यंत माझ्याने राहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी शाळेत रजा टाकली आणि गावाची गाडी धरली.

बाबा ओट्यावर उन्हात बसले होते, पुढ्यात तुरीच्या शेंगा. मी शेजारी बसले, शेंगा सोलायला लागले. इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं.

"बाबा, त्या वर्षी बहिरमले वहिनीनं तुमाले काय सांगतलं होतं?"

"येऊन राहिले म्हने."

"म्हणजे तुमाले मालूम होतं? ते अजून रस्त्यातच हायेत म्हणून?"

"मराठी समजते मले."

"मग मायले काहून नाई सांगतलं? तिले तर वाटून राहिलं होतं, शालू यात्रेत उभी हाय."

"सांगतलं असतं त ते म्हनली असती, बसा मंग, येतीन ते आपले आपन."

त्यांनी एक शेंग दाबली. दाणे टोपलीत पडले. मला तेवढ्याने होईना.

"यात्रा कवा फिरले मग? धोतर तर पूर्ण भरलं होतं."

"फिरलो कुठं? सीधा रस्त्यावर गेलो. गाडी आली का धूळ उडते तिथं."

"पण बाबा, गाडीले एवढा वेळ होता. इतक्या आधी जाऊन काय करणार होते?"

बाबांनी शेंग खाली ठेवली. फळ्यावरचं सोपं उदाहरण न सुटलेल्या मुलाकडे मी पाहते, तसं माझ्याकडे पाहिलं.

"पोट्टी येऊन राहिली," ते म्हणाले, "अन् मी बसून राहू?"